तळाचा लाल ठिपका

१४ नोव्हेंबर

डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. उजवा शाबूत आहे म्हणून ही वही तरी चालू राहील. बाजारात मासळीवालीच्या गाळ्यापुढे बर्फाचं पाणी साचलं होतं, त्यावरून पाय सरकला आणि मी पडले ती थेट माशांची आतडी टाकायच्या टोपलीवर. हाड मोडल्याचं नंतर कळलं. आधी बोटांत शिरलेला तो गार, बुळबुळीत गोळा जाणवला. दवाखान्यातल्या पोरीनं हात स्वच्छ धुतला म्हणे. प्लास्टरच्या आतून मला अजून वास येतोय.

डॉक्टर म्हणाले, सहा जानेवारीचा तीन राजांचा सण होईपर्यंत हात हलवायचा नाही. म्हणजे नाताळ गेला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सान्त एस्तेवेचा सणही गेला. एका हातानं कानेलोन वळता येत नाहीत. नाताळच्या रश्शातलं उरलेलं मांस बारीक करणं कसंबसं जमेल, पण त्या पातळ पापुद्र्यात सारण भरून सुरळी करायची तर दोन्ही हात लागतात. परतताना इसिद्रेनं बसमध्ये विचारलं, "मग या वर्षी कानेलोन नाहीत?" नवऱ्याचा आवाज इतका हलका झालेला मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. बिचाऱ्याला धक्का बसला असावा.

१६ नोव्हेंबर

केराल्ट आली होती. माझी लेक असून सरळ म्हणते, आई, या वर्षी सान्त एस्तेवेला बाहेर जेवू. मी म्हटलं, त्या दिवशी बाहेर कोण जेवतं, ज्यांना घर नाही ते. तर म्हणे अर्धं बार्सेलोना बाहेर जेवतं. इसिद्रे खुर्चीतून उठून म्हणाला, मला चालेल. एवढ्या घाईनं तो कधी कशाला उठत नाही.

मी एका अटीवर कबूल झाले. आधी मी प्रत्येक ठिकाणी जाऊन चव बघणार. आईच्या कानेलोनच्या जवळपास जाईल असं काही सापडलं तरच. गेली काही वर्षं मी स्वतः करतेय आणि मलाही ती चव साधलेली नाही. हल्ली कोंबड्याच तशा मिळत नाहीत.

मग केराल्टनं हळूच विषय काढला. टेक्लामावशीला बोलवायचं का? ती घर विकून मेनोर्का बेटावर मुलाकडे राहायला चालली आहे, तीन राजांचा सण झाला की निघणार. मी म्हटलं, येऊ दे की. फक्त आधी सगळ्यांसमोर म्हणू दे, मी चुकले.

टेक्ला माझी धाकटी बहीण. आईच्या शेवटच्या नाताळची गोष्ट. आई तेव्हा घराबाहेर पडत नव्हती, तिचं सगळं टेक्लाच बघायची. चोवीस तारखेला मी माझ्या डोळ्यांनी टेक्लाला बाजारामागच्या भाजलेल्या कोंबड्यांच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं. हातात आईचं भांडं, वर निळ्या रेघांचं पुसणं झाकलेलं. सान्त एस्तेवेला टेबलावर तेच भांडं आलं आणि सगळे लागले वाहवा करायला. मला गिळवेना. मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं की हे विकतचे आहेत, हिनं आईच्या नावावर दुकानातला माल खपवला. टेक्लानं आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. मी आणले." एवढंच. ना लाज ना काही. आईनं मान वर केली नाही. तिच्या हातातला काटा बशीवर वाजत होता, इतका तिला धक्का बसला होता. त्या वसंतात ती गेली.

टेक्ला त्यानंतर माझ्या घरी आलेली नाही. मीही बोलावलं नाही.

२२ नोव्हेंबर

पहिलं ठिकाण, ग्रासियात. दाराशी फळ्यावर खडूनं लिहिलंय, आजीच्या हातची चव. आत एक आजी दिसेल तर शपथ. टोमॅटो लावलेला पाव आला, पण त्यावर टोमॅटो घासलेला नव्हता, डब्यातला गर चमच्यानं फासला होता. लहान मुलाच्या तोंडाला लावल्यासारखा दिसत होता. मी वेटरला म्हटलं, अर्धा टोमॅटो आणि लसणाची पाकळी आणून द्या, माझं मी घासते. तो माझ्या प्लास्टरकडे बघत राहिला.

कानेलोन आले ते पालेभाजी आणि सोयाचे. पांढरा सॉस ओटच्या दुधाचा. भिंतीला लावायची खळ मी लहानपणी चाटून पाहिली होती, ती बरी होती. इसिद्रेनं संपवले. त्याला काहीही चालतं.

२९ नोव्हेंबर

आज एशांपलेत, पांढऱ्या टेबलक्लॉथचं ठिकाण. कानेलोन एकच, तोही काचेच्या पेल्यात उभा, वर कसलासा फेस. वेटर म्हणाला, हा आठवणीतला कानेलोन आहे. म्हटलं, आठवणीतच ठेवायचा होता. फेस जिभेवर आला आणि विरला, मागे उरली थुंकीसारखी ओल. मी रुमालात काढून टाकला. शेजारच्या टेबलावरची बाई बघत होती, बघू दे. शेवटी गोडाची क्रेमा आली, तिच्यावरची साखर कुणीतरी सकाळीच जाळून ठेवलेली, चामड्यासारखी चिवट झालेली. केराल्ट म्हणाली, "आई, तुला आवडेल असं काही जगात उरलंय का?" मी म्हटलं, आईबरोबर गेलं ते.

३ डिसेंबर

बंदराकडचं एक. लसणाची चटणी ट्यूबमधून. ट्यूबमधून! गोगलगायींत वाळू. नावसुद्धा लिहीत नाही.

८ डिसेंबर

सुट्टी. पाऊस. नाताळचा देखावा मांडायला काढला. इसिद्रेनं जत्रेतून शौचाला उकिडवा बसलेला नवा बाहुला आणलाय, देखाव्यात तो लागतोच, आणि जुन्याचं बूड फुटलं होतं.

माळ्यावरून आईचं भांडं खाली घेतलं. पांढऱ्या इनॅमलचं, निळ्या काठाचं, लांबट. आई गेल्यावर मी थोरली म्हणून ते मी आणलं, टेक्लानं हरकत घेतली नाही. तळाशी लाल ठिपका आहे, घासून घासून आता पुसट झालाय. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा आई म्हणाली होती, चर्चमध्ये आशीर्वाद दिलेलं भांडं आहे हे, म्हणून. दर डिसेंबरात भांडं काही दिवस घरातून नाहीसं व्हायचं ते त्याचसाठी. माझी आई भाविक होती.

आणि मन केवढं मोठं! नाताळचं जेवण उरकलं की रश्शातलं उरलेलं सगळं मांस ती चिमट्यानं झाकणाच्या पातेल्यात भरायची, कोंबडी, वासराचं, डुकराचा पाय, सगळं, आणि मला तळमजल्यावरच्या आदेलाबाईंकडे पाठवायची. त्यांच्या घरात खाणारी तोंडं फार. "सांडू नकोस आणि कुणाला सांगू नकोस." दिलेलं बोलून दाखवायचं नसतं ना. मग संध्याकाळी ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, रेडिओ मोठ्यानं लावायची, आणि कुणाला आत येऊ द्यायची नाही. कृती विचारली की म्हणायची, हाताला कळतं. एवढं मांस देऊन टाकूनही दुसऱ्या दिवशी भांडं काठोकाठ भरलेलं असायचं. आईच्या हातात बरकतच होती.

माझ्या हातात ती नाही. खरं लिहायचं तर मला ते काम आवडतही नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ते करडं, गार मांस, त्यावर गोठलेली चरबी, यंत्रातून बाहेर येणाऱ्या त्या वळ्या. मी श्वास रोखून दांडा फिरवते. गेल्या वर्षी मध्येच गॅलरीत जाऊन उभी राहिले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईनं आयुष्यभर तक्रार न करता केलं आणि मला नाटकं सुचतात.

१३ डिसेंबर

सापडलं.

केराल्ट म्हणाली होती, शेवटचं एक ठिकाण बघू, पोब्ले-सेकमध्ये, आजीच्या जुन्या घराजवळ. फेलिक्स नावाच्या म्हाताऱ्याची खानावळ. आठ-दहा टेबलं, कागदी टेबलक्लॉथ, भिंतीवर गळक्या नळाचा डाग. मला आत शिरतानाच नको वाटलं. पण पावाबरोबर अख्खा टोमॅटो आणि लसूण आले, घासायला. केराल्टनंच घासून दिलं.

मग कानेलोन आले. पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. जायफळ अगदी ओळखीपुरतं, कोंबडीच्या काळजाचा एक कण, जुन्या वाइनचा गोडवा, वर खरपूस पापुद्रा, कडांना जरा जास्त जळलेला. आई. आईच बसली होती समोर. मला रडू आलं, भर खानावळीत, नाकातून पाणी यायला लागलं. बशी पावानं इतकी पुसली की धुवायची गरज नव्हती. केराल्टचं जेवणाकडे लक्षच नव्हतं, ती सगळा वेळ माझ्याकडे बघत होती.

मी फेलिक्सना बोलावलं आणि विचारलं, कुणाच्या हातचे? ते हात पुसत म्हणाले, "आमचे नाहीत हो, सेन्योरा. बाजारामागून येतात, कोंबड्यांच्या दुकानातून. माझ्या वडिलांच्या वेळेपासून." जणू यात सांगण्यासारखं काही नाही.

म्हणजे तेच दुकान. जिथून टेक्ला बाहेर पडली तेच.

घरी येईपर्यंत मला सगळा उलगडा झाला. आई भोळी. त्या दुकानात कधीतरी कोंबडी घ्यायला गेली असेल, रांगेत गप्पा मारता मारता कृती सांगून बसली असेल, आणि त्यांनी ती उचलली. आज अख्ख्या वस्तीला माझ्या आईची चव विकतात! मला इतका संताप आला की प्लास्टरच्या आतलं मनगट ठणकायला लागलं. केराल्टला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, एकदा जाऊन विचारून ये मग." जाणारच आहे.

१६ डिसेंबर

लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

दुकानात गर्दी होती. फिरत्या सळयांवर कोंबड्या, खाली टपकणारी चरबी, भिंतीला तिचा पिवळा थर. गल्ल्यावर मालकीण पाल्मिराबाई, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, कमरेत वाकलेल्या. मी रांग मोडून पुढे गेले आणि मोठ्यानं म्हटलं की तुम्ही माझ्या आईची कृती चोरलीत. बाईंना राग आला नाही, त्यांनी फक्त आईचं नाव विचारलं. मी सांगितलं.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगं बाई, तुम्ही तिची थोरली का? या अशा आत."

आत फळ्यांवर भांडी रचून ठेवली होती. मातीची, काचेची, इनॅमलची. प्रत्येकाच्या तळाला रंगाचा ठिपका. निळा, हिरवा, पिवळा, दोन हिरवे, एक फुली. लोक डिसेंबर लागला की आपलं भांडं आणून देतात, चोवीस तारखेला कानेलोन भरून नेतात. घरच्या भांड्यात असले की टेबलावर कुणी विचारत नाही. पाल्मिराबाई म्हणाल्या, भांड्यांची अदलाबदल होऊन भांडणं होतात, म्हणून ठिपके.

"लाल तुमच्या आईचा. तो रंग आमच्याकडचा नाही हं, तुमच्या धाकट्या बहिणीनं लहानपणी नखाला लावायचं लावलं होतं. मी तो रंग अजून कुणाला दिला नाहीये. म्हटलं, येतील कधीतरी."

मी म्हटलं, तुमची चूक होतेय. मग दुकानातून बाहेर आले. रांगेतली एक बाई हसत होती, की मला तसं वाटलं.

१७ डिसेंबर

म्हातारी आहे ती. म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ होतो. कोण कुठली गिऱ्हाइकं आणि कोण कुठले ठिपके.

भांडं दिवसभर ओट्यावर पालथं पडून आहे. इसिद्रे दोनदा उचलून ठेवायला गेला, मी त्याच्यावर ओरडले.

१९ डिसेंबर

टेक्लाकडे गेले. दार उघडताना तिनं केस नीट केले, जणू कुणी परकं आलंय. घरभर खोकी. मेनोर्काला न्यायची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ही साठी ओलांडून गेली तरी नखं लाल, मला ते कधीच पटलं नाही. तिनं कॉफी केली. कॉफी जळकी होती, मी प्यायले.

मी भांड्याचं विचारलं. तिनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. आई लग्न होऊन त्या वस्तीत आली तेव्हापासून दर वर्षी तिथूनच आणायची. एकदाही घरी केले नव्हते. एकदाही नाही. दार लावून, रेडिओ लावून ती फक्त खुर्चीवर बसून असायची.

का, म्हणून मी विचारलं, तेव्हा टेक्लानं सांगितलं. यादवी युद्धानंतरच्या उपाशी वर्षांत आईची आई, आमची आजी, मोठ्या हॉटेलांच्या मागच्या दाराशी उभी राहायची. लोकांनी बशीत टाकलेलं उष्टं तिथे स्वस्तात मिळायचं, सगळं एकत्र, डब्यानं. घरी आणून ती ते यंत्रातून काढायची आणि त्याचे कानेलोन करायची. दांडा फिरवायला आई, सहा-सात वर्षांची. एकदा त्या वळ्यांमधून सिगरेटचं थोटूक बाहेर आलं. आजीनं ते उचलून बाजूला टाकलं आणि म्हणाली, फिरव. तेव्हापासून आईला शिजलेलं मांस पुन्हा हातात धरवायचं नाही. ओकारी यायची. आणि सान्त एस्तेवेला कानेलोन न करणारी बायको या शहरात कुणाला हवी होती!

मी मोरीपर्यंत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर पातेलं घेऊन जिना उतरणारी मी होते.

"मला का नाही सांगितलं तिनं?" मी विचारलं. "तुला मात्र सांगितलं."

टेक्ला कप विसळत होती. म्हणाली, "ताई, तुला सगळ्याचीच किळस येते. लहानपणापासून. आईला वाटायचं, हे तुला कळलं तर तिचीही येईल."

मी म्हटलं, त्या दिवशी टेबलावर तू तोंड का नाही उघडलंस? नुसतं हो म्हणून मोकळी झालीस.

"आणि काय म्हणायचं होतं? आई समोर बसली होती."

निघताना मी तिला सांगितलं, सव्वीस तारखेला दोन वाजता ये. माफ कर असं म्हणायचं होतं, दारापर्यंत तोंडात होतं, पण जिन्यात कुणीतरी वर येत होतं. ती म्हणाली, बघते.

इतकी वर्षं लोकांच्या बशा तपासत फिरले. आज स्वतःचीच शिसारी आली.

२० डिसेंबर

भांडं पाल्मिराबाईंकडे देऊन आले. त्यांनी तळ पाहिला आणि फळीवर चढवलं.

केराल्टला फोन करून सांगितलं, फेलिक्सकडचं टेबल रद्द कर, कानेलोन घरीच होतील. तिनं कसं, कुणाचे, काही विचारलं नाही, नुसतं बरं म्हणाली. मावशीनं हिला कधीच सांगितलं होतं, हे आता माझ्या ध्यानात येतंय. इसिद्रेला कळल्यावर तो खुर्चीत खचला आणि म्हणाला, "हात मोडलेला असताना कशाला तुला त्रास?" दर वर्षी त्याच्या खिशात नाताळनंतर तेलकट रुमाल का सापडतो, तेही आजच कळलं. त्या वेळी मी त्याला घाणेरडा म्हणून झापलं होतं.

२४ डिसेंबर

रांग कोपऱ्यावरून वळून गेली होती. मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. हळूहळू लक्षात आलं की बऱ्याच बायकांनी तसाच ओढला होता. पुढे आमच्या चर्चमधली वाद्य वाजवणारी बाई, मागे कानेलोनच्या कृतीवरून मला दोन वर्षांपूर्वी धडा देणारी इसिद्रेची चुलतबहीण. आम्ही एकमेकींना ओळख दिली नाही. सगळ्यांच्या हातात पुसणी होती. चरबीचा वास अंगावर बसला, कपडे धुवायला टाकलेत. तरी पण खरं सांगायचं तर, मला त्या रांगेत बरं वाटलं.

मी नेलेलं पुसणं निळ्या रेघांचं होतं.

२५ डिसेंबर

रस्सा झाला. मांस उरलं. झाकणाच्या पातेल्यात भरून इसिद्रेच्या हाती दिलं आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सकडे पाठवलं, तिच्याकडे खाणारी तोंडं फार. तो म्हणाला, एवढं सगळं? मग उद्याचं काय? म्हटलं, उद्याचं मी बघते, तू सांडू नकोस आणि कुणाला सांगू नकोस.

मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. रेडिओ लावला. खुर्चीवर बसले. आईही अशीच खिडकीकडे बघत बसत असेल. मला तिची फार आठवण आली. तिच्यावर रागही आला, मला नाही सांगितलं म्हणून. दोन्ही बराच वेळ राहिलं.

२६ डिसेंबर

टेक्ला आली. अडीचला, उशिरा, केकचा खोका घेऊन. मी दारात तिचा कोट घेतला. प्लास्टरमुळे तो खाली पडला आणि आम्ही दोघी एकदम वाकलो.

सगळे बसल्यावर मी भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. केराल्टनं वाढलं. इसिद्रेनं रुमाल आधीच मांडीवर घेऊन ठेवला होता. पहिला घास घेतल्यावर त्यानं तो रुमाल उचलून टेबलावर ठेवला. मग दुसऱ्यांदा वाढून घेतले, मग तिसऱ्यांदा.

"एका हातानं केलेस तू हे?" तो म्हणाला. "दोन्ही हातांनी कधी असे झाले नाहीत, एंग्रासिया."

जावई हसला. केराल्टनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवेना. सगळ्यांचं माझ्याकडे लक्ष होतं. असाच क्षण होता तो, मी उभी राहिले होते तेव्हाचा. मला वाटलं, आता सांगून टाकावं, विकतचे आहेत, आणि आईचेही विकतचे होते. टेक्लाकडे पाहिलं. ती पावाच्या तुकड्यानं सॉस पुसत होती, अगदी सावकाश, आणि मान खाली होती, आईसारखी.

"हो," मी म्हटलं. "मी केले."

टेक्लानं तुकडा तोंडात टाकला. चावून झाल्यावर म्हणाली, "छान झालेत, ताई. आईसारखेच. पांढरा सॉस तेवढा यंदा जरा दाट झालाय." केराल्टला ठसका लागला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी लक्षात ठेवीन.

जेवणं आटोपल्यावर भांडी घासायला टेक्ला उभी राहिली. मी पुसायला, एका हातानं. बाहेर इसिद्रे घोरत होता. ती भांडं तारेच्या घासणीनं खसाखसा घासत होती, कडांना चिकटलेलं सुटेना म्हणून. मी म्हटलं, तळ सांभाळ. तोवर उशीर झाला होता. तिनं भांडं पालथं केलं तर लाल ठिपक्याची जेमतेम किनार उरली होती.

टेक्लानं हात पुसले. पर्समधून बाटली काढली, नखाला लावायची, तीच तिची लाल. टोपण दातानं उघडलं, ब्रश काठाला निथळवला आणि जुन्या खुणेवर नवा ठिपका लावला, गोल आणि जाड. त्या वासानं मला नेहमी मळमळतं. मी तिथेच उभी राहिले आणि वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिले.

"मेनोर्काहून मी येईन चोवीसला," ती म्हणाली. "पण रांगेत तू उभी राहायचंस."